पादचिकित्सा

पादचिकित्सा : घोटा, पाऊल व पायाची बोटे यांच्या विकारांचे निदान, उपचार व प्रतिबंध यांच्याशी संबंधित असलेली वैद्यकीय व्यवसायशाखा. हिला ब्रिटनमध्ये दीर्घकाळ ‘कायरॉपडी’ असे म्हणत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘पोडिॲट्री’ ही संज्ञा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आली व आता तीच बहुतेक देशांत रूढ झाली आहे. या शाखेचा इतिहास दोन कारणांनी लक्षणीय आहे. रस्त्यावर बसून कुरूपे कापणाऱ्यांचा हलका समजला जाणारा धंदा शे-दीडशे वर्षांत विद्यापीठीय शिक्षण घेतलेल्यांचा व्यवसाय कसा झाला, हे त्यावरून समजते. तसेच किरकोळ म्हणून दुर्लक्षिल्या गेलेल्या दुखण्यांकडे वेळीच लक्ष दिल्यास पाय, आणि पुष्कळदा प्राणही, वाचू शकतो, हे वैद्यकाला किती उशिरा उमगले याचीही त्यावरून कल्पना येते.

स्वरूप : प्रत्येक पावलात २६ हाडे असतात, म्हणजे शरीरातील २०६ हाडांपैकी सु. एक-चतुर्थांश हाडे दोन पावलांत सामावलेली आहेत. ही हाडे, त्यांना जोडणारे अस्थिबंध व स्नायू यांमुळे पावलाला कमानी प्राप्त होतात व शरीराचा भार टाच आणि चवडा यांवर विभागला जातो. कमान खचली, बोटे वाकडी झाली किंवा पादत्राण अरुंद असले, तर हा भार एखाद्या लहानशा जागेवर एकवटतो. तेथील त्वचा स्वसंरक्षणासाठी जाड होते व घट्टा पडतो. दाब आणखी मर्यादित जागेवर पडत राहिल्यास शंकूच्या आकाराचा कठीण गाभा तयार होऊन त्याचे टोक आतील संवेदनशील थरात रुतते. यालाच कुरूप वा भोवरी म्हणतात. कुरुपाला मूळ असते आणि ते उपटून काढले की ते कायमचे जाते, ही समजूत चुकीची आहे. दाबाचे कारण दूर झाले नाही, तर कापलेले कुरूप पुन्हा उद्भवते. पादचिकित्सेची संपूर्ण तात्त्विक बैठक या एका निरीक्षणात आहे. विकार त्वचेवर दिसत असला, तरी त्याचे कारण हाडांच्या ठेवणीत, चालण्याच्या ढबीत वा पादत्राणात शोधावे लागते. कुरूप, घट्टे, मांसात रुतणारे नख, नखुरडे, टाचेच्या भेगा (जळवात), पावसाळ्यातील चिखल्या, अंगठ्याच्या मुळाशी येणारा अस्थिफुगवटा, टाचदुखी आणि बधिर पावलावरील व्रण हे या शाखेच्या कक्षेत येणारे प्रमुख विकार होत.

प्राचीन काळ : ईजिप्तमधील सक्कारा येथील अंखमाहोर याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. २३००) हातापायांवर काही क्रिया चालू असल्याचे शिल्पपट आहेत. काही अभ्यासक त्यांत शस्त्रोपचार पाहतात, तर काहींच्या मते ते केवळ नखांची निगा राखण्याचे दृश्य आहे. ग्रीक वैद्यकातील हिपॉक्राटीझच्या परंपरेतील ग्रंथांत जन्मजात वाकडे पाऊल हळूहळू हाताने वळवून पट्ट्यांनी बांधून ठेवण्याची पद्धत वर्णिलेली आहे. रोमन लेखक सेल्सस (इ. स. पहिले शतक) याने तळपायावरील कुरुपाचे वर्णन करून ते वेळोवेळी खरवडण्याचा उपाय सांगितला आहे.

भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेने क्षुद्ररोग या वर्गात पावलाच्या अनेक विकारांचा समावेश केला आहे. खडा वा काटा टोचल्यामुळे पायात उत्पन्न होणारी कठीण गाठ म्हणजे ‘कदर’, भेगा म्हणजे ‘पाददारी’, बोटांच्या बेचक्यांत होणारा खाजरा ओला विकार म्हणजे ‘अलस’ आणि नखाच्या मांसल भागाचा पाक म्हणजे ‘चिप्प’ होय. कदर कापून काढून ती जागा तप्त तेलाने डागावी आणि पाददारीवर मेण, तूप, राळ यांसारख्या पदार्थांचा लेप द्यावा, असे उपचार तेथे सांगितले आहेत. ‘क्षुद्र’ या नावावरूनच या विकारांना मिळालेले दुय्यम स्थान लक्षात येते. व्यवहारात नखे काढणे, काटा काढणे यांसारखी कामे न्हाव्याकडे गेली व त्याच्या धोकटीतील नराणी हेच या कामाचे मुख्य हत्यार राहिले. यूरोपातही मध्ययुगात अशी कामे न्हावी-शल्यकांकडे होती.

धंद्याचे व्यवसायात रूपांतर : सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये कुरूपे कापणारे फिरते कारागीर हे जत्रा-बाजारांतील परिचित दृश्य होते. बेन जॉन्सनच्या १६१४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या बार्थॉलोम्यू फेअर या नाटकातील पात्रांत असा एक कारागीर आहे. या धंद्याला ग्रांथिक रूप देण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. राजा सोळावा लूई याच्या पदरी असलेल्या लाफॉरे या शल्यकाने १७८१ मध्ये पावलांची निगा राखण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १७८५ मध्ये, लंडनमधील डेव्हिड लो याने कायरॉपडोलॉजिआ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील बराच मजकूर लाफॉरेच्या ग्रंथावर आधारलेला होता. तथापि ‘कायरॉपडिस्ट’ ही संज्ञा लो याच्यामुळेच प्रचारात आली. ग्रीक भाषेतील ‘हात’ व ‘पाय’ या अर्थाच्या शब्दांशी ती जोडली जाते.

ब्रिटिश राजघराण्याचा पादचिकित्सक ल्यूइस डर्लाकर (१७९२–१८६४) याच्या १८४५ मधील ग्रंथामुळे या विषयाला खरे निरीक्षणाधिष्ठित स्वरूप आले. कुरूप, अंगठ्याचा अस्थिफुगवटा व नखांचे विकार यांची त्याने पद्धतशीर मांडणी केली. चवड्यातील बोटांच्या मध्ये असणाऱ्या तंत्रिकेच्या वेदनेचे त्याने केलेले वर्णन विशेष महत्त्वाचे आहे, कारण हाच विकार पुढे अमेरिकन शल्यचिकित्सक टॉमस मॉर्टन याच्या १८७६ मधील लेखामुळे मॉर्टनच्या नावाने प्रसिद्ध झाला. शल्यचिकित्सक पावलाच्या साध्या दुखण्यांकडे तुच्छतेने पाहतात व त्यामुळे रुग्ण अडाणी माणसांच्या हाती सापडतात, ही या काळातील मुख्य अडचण होती.

प्रमाणपत्र देणारी संस्थाच नसल्यामुळे व्यावसायिकाची पत थोरामोठ्यांच्या शिफारसपत्रांवर अवलंबून असे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयझॅकर झाकारी हा अमेरिकन पादचिकित्सक होय. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६२ मध्ये, त्याने राष्ट्राध्यक्ष एब्राहम लिंकन यांच्या पायांवर उपचार केले व त्यांच्याकडून प्रशस्तिपत्र मिळविले. लिंकन यांचा त्याच्यावर इतका विश्वास बसला, की न्यू ऑर्लीन्स येथे राजकीय स्वरूपाच्या कामगिरीवरही त्याला पाठविण्यात आले. एवढी प्रसिद्धी मिळूनही त्याच्या मागे शिक्षणसंस्था वा परीक्षापद्धती उभी राहिली नाही. व्यक्तीच्या कीर्तीमुळे व्यवसायाला प्रतिष्ठा येत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

संयुक्त संस्थानांतील शिक्षण : या दृष्टीने निर्णायक घटना न्यूयॉर्क राज्यात घडली. १८९५ मध्ये तेथील पादचिकित्सकांनी स्वतःची संघटना स्थापन केली व व्यवसायाचे नियमन करणारा कायदा त्याच वर्षी झाला. परीक्षा आली, परंतु शिकण्याची सोय नव्हती. उमेदवारी करूनच काम आत्मसात करावे लागे. ही उणीव मॉरिस लेवी (१८५७–१९५७) यांनी भरून काढली. लेवी हे स्वतः वैद्य होते व राज्याच्या वैद्यकीय परीक्षा मंडळाचा अनुभव त्यांच्या गाठी होता. १९११ मध्ये त्यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क येथे पादचिकित्सेचे विद्यालय सुरू झाले. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान व जंतुविज्ञान हे विषय शिकविण्यासाठी त्यांनी वैद्यकाच्या अध्यापकांचे साहाय्य घेतले आणि विद्यालयाला जोडून गरिबांसाठी चिकित्सालय चालविले. प्रारंभी अल्पमुदतीचा असलेला अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने चार वर्षांचा झाला. ‘पोडिॲट्री’ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेयही लेवी यांनाच दिले जाते.

राष्ट्रीय संघटना १९१२ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी शिकागो येथे विल्यम शोल (१८८२–१९६८) यांनी दुसरे महत्त्वाचे विद्यालय काढले. शोल यांनी कमानीला आधार देणारी साधने व पायाच्या निगेच्या वस्तू तयार करून त्यांचा जगभर व्यापार केला. त्यामुळे सामान्य माणसाचे पायांच्या दुखण्याकडे लक्ष वेधले गेले. परंतु उपचार म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू, अशी समजूतही त्याबरोबर पसरली. १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मर्टन रूट (१९२२–२००२) यांनी चालण्याच्या क्रियेचे यामिकीय विश्लेषण करून पावलाच्या सांध्यांच्या मोजमापावर आधारलेल्या आधारतळांची पद्धत बसविली. त्यांच्या काही गृहीतकांवर पुढे बरीच टीका झाली असली, तरी ‘कुरूप कापणे’ या पातळीवरून ‘चाल तपासणे’ या पातळीवर व्यवसाय आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९६७ मध्ये वृद्धांसाठी असलेल्या शासकीय आरोग्यविमा योजनेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन विशिष्ट कामांपुरते पादचिकित्सकांना वैद्यांच्या व्याख्येत स्थान मिळाले.

ब्रिटन : लंडनमध्ये १९१२ साली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व पुढच्याच वर्षी गरिबांसाठी पादचिकित्सालय उघडण्यात आले. हेच पुढे ‘लंडन फूट हॉस्पिटल’ म्हणून नावारूपास आले आणि १९१९ मध्ये त्याला जोडून विद्यालय सुरू झाले. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) खंदकांतील थंडी व ओल यांमुळे हजारो सैनिकांचे पाय सडले. रोज पायांची तपासणी, कोरडे मोजे व तेलाचा लेप अशी साधी शिस्त लावल्यावर हे प्रमाण पुष्कळ कमी झाले. पावलांची निगा ही चैन नसून सैन्याच्या बळाचा प्रश्न आहे, हे या अनुभवाने पटवून दिले.

१९४५ मध्ये पाच संघटनांचे एकीकरण होऊन एक मध्यवर्ती संस्था निर्माण झाली. मात्र १९४८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत पादचिकित्सेला प्रारंभी मर्यादितच स्थान मिळाले. वृद्ध, अपंग व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी स्थानिक संस्थांनी ही सेवा पुरवावी, असे १९५९ मध्ये ठरले. १९६० च्या कायद्याने नोंदणी मंडळ स्थापन झाले, तरी त्यात एक मोठी पळवाट राहिली. ‘राज्यनोंदणीकृत’ हे विशेषण संरक्षित होते. ‘कायरॉपडिस्ट’ हे नाव मात्र कोणालाही लावता येत असे. त्यामुळे तीन वर्षे शिकलेला व टपालाने अभ्यासक्रम पुरा केलेला असे दोघेही एकाच नावाची पाटी लावत. ही स्थिती चार दशके टिकली व २००३ मध्ये नव्या नोंदणीपद्धतीने व्यवसायाच्या नावांनाच कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर संपुष्टात आली. २०१३ मध्ये विशेष प्रशिक्षण घेतलेल्या पादचिकित्सकांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला आणि २०२१ मध्ये व्यावसायिक संस्थेला ‘रॉयल’ हे बिरुद प्राप्त झाले. पावलाच्या हाडांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पादचिकित्सकांनी ‘सर्जन’ म्हणवून घ्यावे की नाही, याविषयी त्यांच्यात आणि अस्थिशल्यचिकित्सकांत दीर्घकाळ वाद चालत आला आहे.

बधिर पाऊल : पादचिकित्सेला आज जे महत्त्व आले आहे, ते मुख्यतः वेदना न जाणवणाऱ्या पावलामुळे होय, आणि या ज्ञानाचा मोठा भाग भारतात निर्माण झाला. अनवाणी काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला काट्याच्या जखमेतून होणारा व पुढे हाडांपर्यंत पोहोचणारा एक विकार मदुराई येथे १८४२ मध्ये नोंदला गेला आणि ‘मदुरा पाद’ या नावाने ओळखला जाऊ लागला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक हेन्री व्हँडाइक कार्टर (१८३१–९७) यांनी तो कवकामुळे होतो असे दाखवून त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले व १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. शरीररचनाशास्त्रावरील ग्रे यांच्या विख्यात ग्रंथातील चित्रे याच कार्टर यांनी काढलेली आहेत. कुष्ठरोगाचाही त्यांनी विशेष अभ्यास केला होता.

कुष्ठरोग्याच्या पायांवरील व्रण व बोटांची झीज ही रोगजंतूंनी मांस ‘सडविल्या’मुळे होते, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होता. तमिळनाडूतील वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणाऱ्या पॉल ब्रँड (१९१४–२००३) या शल्यचिकित्सकांनी तो खोडून काढला. रुग्णाच्या त्वचेची भरून येण्याची क्षमता शाबूत असते; वेदना जाणवत नसल्यामुळे तो जखमेवरच चालत राहतो आणि व्रण चिघळतो, असे त्यांनी दाखविले. झोपेत रुग्णांची बधिर बोटे उंदीर कुरतडत असल्याचे आढळल्यावर रुग्णांना मांजरे पाळावयास देण्यात आली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पायाला घट्ट बसणारा प्लॅस्टरचा साचा घालून व्रणावरचा दाब संपूर्ण पायावर विभागणे व व्रण भरल्यावर मऊ सूक्ष्मकोशी रबराच्या चपला देणे ही पद्धत दक्षिण भारतातील कुष्ठकार्यात स्थिर झाली. [→ कुष्ठरोग].

१९६० नंतरच्या दशकात ब्रँड हे अमेरिकेतील लुइझिॲना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेहात तंत्रिकांना इजा होऊन बधिर झालेले पाऊलही त्याच मार्गाने बिघडते, हे तेथे स्पष्ट झाले. मध्यम दाब हजारो पावलांबरोबर पुनःपुन्हा पडत राहिल्यास ऊतकाचा दाह होतो, हे प्रयोगांनी सिद्ध करण्यात आले. ठराविक भाराखाली वाकणारा नायलॉनचा तंतू तळपायास टेकवून संवेदना तपासण्याची सोपी चाचणी तेथील कामामुळे प्रमाणित झाली. दहा ग्रॅम दाबाचा तंतू ज्याला जाणवत नाही, त्याच्या पायाला धोका आहे, असे समजतात. कुष्ठरुग्णांसाठी तयार झालेला प्लॅस्टरचा साचाही याच वाटेने मधुमेहाच्या उपचारांत आला.

मधुमेहाच्या बाजूनेही प्रयत्न चालू होते. १९२२ मध्ये इन्सुलिन उपयोगात आल्यानंतर रुग्ण अधिक वर्षे जगू लागले. परंतु त्यामुळे पायाच्या कोथाचे (मांस मृत होण्याचे) प्रमाण वाढल्याचे बॉस्टन येथील एलिअट जॉसलिन (१८६९–१९६२) यांच्या लक्षात आले. १९२८ च्या सुमारास त्यांनी आपल्या रुग्णालयात पादचिकित्सकाचा समावेश केला व कोथ हा अटळ नसून स्वच्छता व निगा यांनी टाळता येतो, असे आग्रहाने मांडले. लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयात १९८१ मध्ये वैद्य, शल्यचिकित्सक, पादचिकित्सक, परिचारिका व पादत्राणे तयार करणारा तंत्रज्ञ यांचे एकत्रित चिकित्सालय सुरू झाले. मोठ्या अंगच्छेदनांची संख्या त्यामुळे जवळजवळ निम्म्यावर आल्याचे १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ च्या सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यात मधुमेहामुळे होणारी अंगच्छेदने निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट यूरोपीय देशांनी स्वीकारले. [→ मधुमेह].

शिक्षणक्रम : संयुक्त संस्थानांत महाविद्यालयीन शिक्षणानंतर चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम व त्यापुढे तीन वर्षांची निवासी उमेदवारी असते. पहिल्या दोन वर्षांत मूलभूत वैद्यकीय विषय व नंतरच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष चिकित्सा शिकवितात. तेथील पादचिकित्सक औषधे देतो, क्ष-किरण तपासणी करवितो व शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांचा (स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचा) पदवी अभ्यासक्रम असून शस्त्रक्रियेसाठी त्यापुढे अनेक वर्षांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. दोन्ही देशांत विद्यार्थ्याच्या हाताला वळण लावण्यावर भर असतो. जाड झालेली त्वचा रक्त न काढता पातळ थरांनी उतरविणे हे दिसावयास सोपे, परंतु सरावानेच साधणारे कौशल्य आहे. त्याबरोबर घोट्याजवळच्या नाडीची तपासणी, संवेदनेची चाचणी, स्थानिक बधिरीकरण, रुतलेल्या नखाचा भाग काढून त्याचे मूळ रसायनाने जाळणे, आधारतळासाठी साचा घेणे व रुग्णाला निगेचे शिक्षण देणे, ही कामे शिकवितात. रक्तपुरवठा मंदावलेला पाय ओळखून तो त्वरित शल्यचिकित्सकाकडे पाठविणे, म्हणजेच आपल्या कामाची सीमा जाणणे, हा या प्रशिक्षणाचा अत्यंत महत्त्वाचा भाग मानला जातो.

भारतातील स्थिती : भारतात पाश्चात्त्य देशांप्रमाणे पदवीधर पादचिकित्सकांचा स्वतंत्र व मोठा वर्ग निर्माण झाला नाही. हे काम शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ञ, त्वचारोगतज्ञ, भौतिकोपचारक व परिचारिका यांच्यात विभागले गेले आहे. काही मोठ्या रुग्णालयांत मधुमेही पावलासाठी स्वतंत्र विभाग आहेत. बहुविध औषधोपचारांमुळे कुष्ठरोगाचे प्रमाण घटून २००५ च्या अखेरीस ते राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले. मात्र बरे झालेल्यांचे बधिर पाय तसेच राहतात व त्यांना जन्मभर निगा लागते. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सु. १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे.

येथील धोक्यांचे स्वरूपही पाश्चात्त्य देशांहून काहीसे वेगळे आहे. तेथे अरुंद बूट हे मुख्य कारण, तर येथे अनवाणी चालणे वा अपुरे पादत्राण. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवरून किंवा पदयात्रेत अनवाणी चालल्याने बधिर पायाला फोड येतात व ते रुग्णाच्या ध्यानातही येत नाहीत. अंगठ्यात अडकवावयाची चप्पल बधिर पायातून नकळत निसटते व तिचा पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो. कुरुपावर डाग देणे, ब्लेडने कापणे वा आम्लयुक्त पट्टी चिकटविणे हे घरगुती उपाय निरोगी माणसालाही त्रासदायक ठरतात. बधिर पायाच्या बाबतीत तर त्यांची परिणती अंगच्छेदनात होऊ शकते. शेतकरी वा मजूर यांचा पाय जाणे म्हणजे पुष्कळदा सर्व कुटुंबाचे उत्पन्न जाणे होय. कृत्रिम पायाने, उदा., १९६० नंतरच्या दशकात जयपूर येथे प्रमोद करण सेठी व रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेल्या पायाने, अशा असंख्य लोकांना पुन्हा चालते केले. परंतु पाय गमवावा लागू नये, हे त्याहून महत्त्वाचे होय.

त्यासाठी लागणारी साधने महागडी नाहीत. वर्षातून एकदा दोन्ही पाय उघडे करून तपासणे, नायलॉनच्या तंतूने संवेदना पाहणे, नाडी चाचपणे, वाढलेला घट्टा उतरविणे, मऊ तळाच्या व मागे पट्टा असलेल्या चपला देणे आणि रोज रात्री तळपाय पाहण्याची सवय रुग्णाला लावणे, एवढ्याने पुष्कळ व्रण टळतात. ही कामे प्रशिक्षित परिचारिका व आरोग्यसेवकही करू शकतात. बधिर पावलाविषयीचे जे ज्ञान दक्षिण भारतातील कुष्ठरुग्णालयांतून जगभर गेले, ते देशातील प्राथमिक आरोग्यकेंद्रांपर्यंत पोहोचविणे हे येथील पादचिकित्सेपुढील मुख्य कार्य आहे.